आधी नोएमीनं खायचं

कोपरा वळायच्या आधीच नोएमीला गॅसचा वास आला, आणि वळून बघते तर पापा टाकोच्या गाडीच्या सिलिंडरला खेटून उभे, निवांत शीळ घालतायत, आणि हातात काडेपेटी. पापा म्हणजे सगळे ज्यांना आदरानं डॉन रुतिलियो म्हणतात, आणि ज्यांच्या हातचे दोन टाको पोटात गेल्याशिवाय राजधानीतल्या पोर्तालेस वस्तीमधल्या अर्ध्या गल्लीची सकाळच सुरू होत नाही, ते. समोरचा पेपरवाला नाकाला रुमाल लावून उभा, एक बाई आपलं कुत्रं ओढत पलीकडच्या फुटपाथवर निघालेली, आणि पापांनी काडी पेटीवर टेकवलेली, गाणं संपलं की ओढू अशा बेतात. नोएमी ओरडली नाही. का नाही ओरडली हे तिला नंतरही धड सांगता आलं नसतं. ती चालतच गेली, पेटी त्यांच्या हातातून काढून घेतली, वाकून सिलिंडर बंद केला आणि एका पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली. "काय झालं गं?" पापांनी विचारलं. "झुरळ," ती म्हणाली. "झुरळ? माझ्या गाडीवर?" आणि पापा इतके दुखावले, इतके दुखावले, की गिऱ्हाईकं ताटकळत ठेवून त्यांनी गाडीचा सगळा पत्रा घासून काढला, आणि ती तिथेच पुठ्ठा धरून उभी, डोक्यात एकच: यांना आला नाही. एवढा वास, आणि यांना आलाच नाही.

नोएमी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. तिथे असा एखादा माणूस हमखास येतो ज्याला समोरची अक्षरं दिसत नसतात पण कबूल करायचं नसतं. तो बाकावर बसल्या बसल्या आधीच्या माणसाचं ऐकतो, सगळा तक्ता पाठ करतो, आणि आपली पाळी आली की धडाधड म्हणून दाखवतो. उत्तर एकदम बरोबर असतं. फक्त अर्धा श्वास उशिरा येतं. त्या अर्ध्या श्वासावरून ती ओळखते, अजून एकदाही चुकलेली नाही. आणि आता, कामावर जाताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकल्यावर, तिला थंडीपासूनचे पापांचे सगळे अर्धे श्वास एकापाठोपाठ एक आठवायला लागले. तो मोठा ताप येऊन गेला तेव्हापासूनचे. तिनं नवा साबण आणला तेव्हा, "छान आहे," पण जरा थांबून. दूध नासलं होतं तेव्हा, कप तोंडाला लावून, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, मग "शी!" आणि तो बुटका शिंपी, जो रोज त्याच जागी उभा राहून खायचा, त्यानं एकदा विचारलं होतं, "डॉन रुती, ही साल्सा चटणी बाहेरून आणायला लागलात का?" आणि पापा हसले होते, आणि शिंपी त्यानंतर कधीतरीच यायला लागला होता, आणि तिला वाटलं होतं, असेल, डॉक्टरनं तेल बंद केलं असेल.

मग तिनं त्यांना फोनवर बोलताना ऐकलं. चोरून नाही, बाथरूमचं दारच नीट लागत नाही त्यांच्याकडे. पलीकडे मोबाइलची कव्हरं विकणारा होता, जो कधीपासून त्या कोपऱ्यावर डोळा ठेवून होता. "एक फेरी मारून येतो," पापा म्हणत होते, "गावोगावचं खाऊन बघतो. परत आलो की पक्कं सांगतो. बहुतेक कोपरा तुमचाच समजा." आणि बाहेर येऊन, तोंड पुसत, तिला म्हणाले, "पोरी, मी म्हणतो जरा फिरून येऊ. बाकीचे लोक कसे टाको करतायत बघायला नको? माणसानं शिकत राहावं." नोएमीला रडू आलं असतं, पण ती म्हणाली, "मी पण येणार!" दुकानात रजा टाकली, आणि दोघं त्यांच्या खडखड्या पिकअपमध्ये बसून निघाले. कुठेतरी, कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी तव्यावर एखादी चव अशी जोरकस असेल की ती पापांच्या आत शिरेल, आणि शिरली तर कोपरा राहील, आणि नाही शिरली तर पापा पापा राहणार नाहीत, घरात बसलेले कुणीतरी म्हातारे होतील. हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही रस्ताभर हवापाण्यावर बोलत होते.

तोलुकाच्या बाजारापाशी हिरवा चोरिसो, हा मसालेदार सॉसेज, खाल्ला पहिला. हिरवा म्हणजे हिरवागार, माळा करून टांगलेला, आणि तव्यावर पडला की असा चुरचुरतो की बोलणं थांबवून बघावंसं वाटतं. टाकोवाला उंच, पुढचा दात पडलेला, प्रत्येक बाईला 'गोरे' म्हणून हाक मारणारा, ती कितीही सावळी असो. "काय देऊ, गोरे? सगळं घालून?" "सगळं घालून!" पापांनी टाको उचलला. आणि हे बघण्यासारखं असतं हां, पापांचं टाको उचलणं: तीन बोटांत, करंगळी वर, कमरेत वाकून, मान तिरकी, एक थेंब शर्टावर नाही. घास घेतला. टाकोवाल्यानं त्यांच्या हातांकडे पाहिलं, ते भाजल्याचे जुने डाग, आणि ओळखलं. "अच्छा, आपल्याच धंद्यातले! मग सांगा, मास्तर, कसा झालाय?" आणि तो अर्धा श्वास आला. नोएमीला तो अक्षरशः दिसला, पापांच्या गळ्यापाशी अडकलेला, आणि तिच्या तोंडातला घास अजून गिळून व्हायचा होता तरी ती फुटलीच, "आईशप्पथ, पापा! आधी नुसती कोथिंबीर येते ना, मग भोपळ्याच्या बिया, भाजलेल्या, जराशा जास्तच, आणि मग मिरची मागून येते, आणि शेवटी काहीतरी असं, गवतावरून कुणी चालत गेल्यावर येतो तसा वास!" टाकोवाला हसायला लागला. "बिया जरा कमी भाजा," पापा शांतपणे म्हणाले, "बाकी हात सुरेख आहे तुमचा." आणि टाकोवाल्यानं कपाळावर हात मारला. "आज खरंच जास्त भाजल्या गेल्या! बायकोचा फोन आला मध्येच! मास्तर, तुमच्या जिभेला सलाम!"

बस. त्यानंतर हे कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही, पण आधी नोएमीनं खायचं आणि नोएमीनं बोलायचं. टाको समोर आला की पापा उगीच लिंबू पिळत बसायचे, कांदा सारखा करायचे, आणि ती घास घ्यायची आणि बोलत सुटायची, तोंड भरलेलं, हात हलतायत, बाजूचे लोक वळून बघतायत. तिला वाटायचं आपण कागदी होडीत बसवून एकेक चव पापांकडे सोडतोय. ते ती उचलायचे, जराशी पुसायचे, आणि आपली म्हणून पुढे द्यायचे. आणि ते इतकं देखणं करायचे! तिनं गोणीभर शब्द टाकावेत आणि त्यांनी त्यातला एक निवडावा, नेमका. गाडीत बसलं की मात्र तिला भीती वाटायची. शब्द संपतील. किती वेळा खमंग म्हणणार? मग ती खिडकीबाहेर बघत शब्द गोळा करायची: ओल्या दोरीसारखं, उन्हात तापलेल्या पायरीसारखं, शाळेतल्या डेस्कच्या आतल्या भागासारखं. आणि त्या डेस्कवरून तिला आठवायचं, ती लहान होती, आई मोंतेर्रेला निघून गेल्यानंतरचं ते वर्ष, आणि शाळा सुटली की पापा तिला गाडीच्या मागे उलट्या क्रेटवर बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि जिभेवर एकेक तुकडा ठेवायचे. हे कुठलं? पोटाकडचं का आतडं का गाल? ती बोलायची नाही. घास तोंडात असताना ती कधीच बोलायची नाही, नुसतं बोट करायची, त्या मांसाच्या ढिगाकडे, मग त्या. पापा तिचं बोट धरून म्हणायचे, "बघा, बघा, माझ्या मुलीला सगळं कळतं," आणि गिऱ्हाईकं टाळ्या वाजवायची. तिला तेव्हा वाटायचं, जगातला सगळा वास पापांच्या मालकीचा आहे, ते तो आपल्याला उसना देतात.

किरोगाला चौकात तांब्याच्या कढया होत्या, अंघोळ करता येईल एवढाल्या, आणि त्यात डुक्कर आपल्याच चरबीत शिजत होतं, आणि प्रत्येक कढईवाला फळीवर सुरी आपटून हाका मारत होता. "या, या, चाखून तर बघा, चाखायला काय जातंय!" एका बाईनं नोएमीच्या तळहातावर वाफाळता तुकडा ठेवला आणि नोएमी सुरू झाली, कुरकुरीत, मग मऊ, मग संत्र्याचं साल, कुठेतरी तळाशी संत्र्याचं साल. पण पापा ऐकतच नव्हते. ते कढईकडे बघत होते. बुडबुड्यांकडे. नोएमीनं त्यांना असं बघताना कितीदा पाहिलं असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं: कान किंचित पुढे, डोळे बारीक, एखादा माणूस दुसऱ्या खोलीतलं बाळ उठलं का ऐकत असतो तसे. "बाई," ते म्हणाले, "आता काढा." "अजून वेळ आहे, दादा." "आवाज बदललाय. पाणी संपलं आतलं. काढा." बाईनं नाक मुरडत झाऱ्यावर एक मोठा तुकडा काढला, सुरीच्या पात्यानं टोचला, आणि पापांकडे पाहिलं, मग जोरात ओरडली, "अहो, ऐकलंत का! या इकडे! या माणसाला कानानं मांस शिजवता येतं!" नवरा आला, शेजारचा कढईवाला आला, पापांना टोपी काढायला लावून कुणीतरी फोटो घेतला. नोएमीच्या अंगावर काटा आला, छान वाटलं म्हणून, आणि त्याच्या आतून दुसरा काटा, हे एवढं सगळं यांच्यात शाबूत आहे आणि तरी हे कोपरा देऊन टाकणार. कारण संध्याकाळी पिकअपपाशी त्यांनी एकट्यानं, ती बघत नाहीये असं समजून, कागदात उरलेला एक तुकडा नाकाजवळ नेला होता. बराच वेळ धरला होता. मग कागदाची घडी घालून तो एका कुत्र्याला दिला होता.

आणि केरेतारोच्या अलीकडे तिची चूक झाली. ट्रकवाल्यांचं ठिकाण, पत्र्याचं छप्पर, एक जाडजूड बाई मातीच्या भांड्यांतून रस्से वाढत होती, टॉर्टिया, त्या मक्याच्या पोळ्या, एका हातानं उलटत, दुसऱ्या हातानं माश्या हाकत. नोएमीला सर्दी झाली होती की ती नुसती थकली होती कोण जाणे, दिवसातला कितवा घास असेल, आणि तिला शब्द हवा होता, कुठलाही, आणि ती म्हणाली, "लवंग! लवंग आहे ना?" पापा मान डोलावत म्हणाले, "हो, लवंग जरा जड झालीये." बाईचा हात थांबला. "कसली लवंग?" आजूबाजूचे ट्रकवाले वर बघायला लागले. "माझ्या आईनं कधी लवंग घातली नाही, तिच्या आईनं घातली नाही. कुणी सांगितलं तुम्हाला लवंग?" "कुणी नाही," पापा म्हणाले, "माझ्याच तोंडाला काहीतरी झालं असेल." "तोंडाला झालं असेल तर घरी बसा, दुसऱ्याच्या रश्शाला नावं कशाला ठेवता!" एक ट्रकवाला फिसकन हसला. पापांनी टाको संपवला, शेवटच्या थेंबापर्यंत, उठताना सगळ्यांना "सावकाश होऊ द्या" म्हणाले, जसं म्हणायचं असतं तसं, आणि पिकअपमध्ये येऊन बसले. चावी लावली नाही. नोएमीला म्हणायचं होतं, पापा, माझं चुकलं, मला काहीच लागत नव्हतं, मी ठोकून दिलं. पण ते म्हणायचं म्हणजे सगळंच म्हणायला लागलं असतं. "ऊन फार आहे," ती म्हणाली. "हो ना," पापा म्हणाले, आणि गाडी सुरू केली. त्यांच्या मानेला एका बाजूला झुकायची सवय आहे, ती आज जास्त झुकली होती, आणि तिला ते अचानक लहान वाटले, स्टिअरिंगमागे बसवलेल्या मुलासारखे.

शेवटचा मुक्काम मेस्कितालच्या खोऱ्यात, एवोदियोकाकांकडे. एवोदियोकाका म्हणजे ज्यांनी नोएमीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर धरलं होतं, त्यामुळे पापांचे 'कोंपाद्रे', सख्ख्या भावापेक्षा जास्त आणि शिव्या द्यायला मोकळे. त्यांचा धंदा म्हणजे अंगणातला खड्डा. शनिवारी खड्ड्यात लाकडं पेटवायची, दगड लाल करायचे, घायपाताच्या पानांत गुंडाळून मेंढी आत सोडायची, वर माती, आणि रविवारी सकाळी उघडायचं, तोवर दारात माणसं जमलेली असतात. आणि त्या घरात प्रत्येक खड्ड्याला धर्मबाप लागतो. त्यानं मातीवर फुलांचा क्रूस रोवायचा. खड्ड्यापाशी कुणी भांडायचं नाही, रुसायचं नाही, मनात वाकडं धरायचं नाही, नाहीतर मांस कच्चं राहतं, आणि कच्चं राहिलं तर धर्मबापाला हातगाडीत बसवून अंगणभर फिरवतात. उघडल्यावर पहिला टाको त्याचा. त्याचा शब्द पडेपर्यंत कुणी बोटसुद्धा चाटायचं नाही.

"क्रूस आज कोंपाद्रे रुती रोवणार!" एवोदियोकाका ओरडले, हे दोघं पिकअपमधून उतरतात न उतरतात तोच. "नको रे," पापा म्हणाले. "नको कसं? राजधानीतला एवढा मोठा टाकोवाला माझ्या दारात, आणि क्रूस काय पोस्टमन रोवणार? नखरे नकोत, पकड." आणि पापांनी तो पकडला, आणि त्या ओल्या मातीत इतका जपून रोवला, की जणू खाली कुणी झोपलंय.

सकाळी पानं बाजूला झाली आणि वाफ उठली. सगळं अंगण खड्ड्याकडे झुकलं, आणि नोएमीच्या नाकात ते आलं, ते जे काय होतं ते, आणि ती मनातल्या मनात शब्द जुळवायला लागली, धूर, मग, मग काय, पण एवोदियोकाकांची आई, दोन्या सिरिला, वेताची काठी घेऊन तिच्या शेजारीच बसलेली. पापांना टॉर्टिया दिली गेली. त्यांनी मांस बोटांनी सोडवलं, ठेवलं, गुंडाळलं, वाकले. घास घेतला. अर्धा श्वास गेला. एक गेला. माणसं पापांच्या जबड्याकडे बघत होती. दोन गेले. नोएमीनं तोंड उघडलं आणि दोन्या सिरिलाची काठी तिच्या पोटरीला टेकली. "तू गप गं. त्याचा मान आहे." पापांनी घास गिळला. त्यांनी नोएमीकडे पाहिलं, आणि ती डोळ्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती, डोळ्यांनी कसं सांगणार धूर, आणि तिच्या लक्षात आलं की ते काही मागत नाहीयेत. नुसते बघतायत. मग ते कोंपाद्रेंकडे वळले.

"एवोदियो, मला काही लागत नाही."

"काय लागत नाही? मीठ?"

"मीठ लागतं. आंबट, तिखट लागतं. बाकी काहीच नाही. नाक गेलंय माझं, थंडीपासून. ही मेंढी आहे हे मला डोळ्यांनी कळतंय."

खड्ड्यात कुठेतरी रस्सा थेंब थेंब ठिबकत होता. नोएमीला वाटलं आता संपलं, आता हे अंगणभर पसरेल, मग खोरंभर, मग पोर्तालेसपर्यंत.

"मग क्रूस हातात घेतलास कशाला, गाढवा?" एवोदियोकाका म्हणाले.

"तू दिलास म्हणून."

"मी दिला कारण मला वाटलं तुला जीभ आहे!"

कुणीतरी हसलं. दोन्या सिरिलानं काठी आपटली. "माझा नवरा ठार बहिरा होता," ती म्हणाली, "आणि गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा." "आणि कसा वाजवायचा तेही सांग, आई." "वाईट वाजवायचा. पण वाजवायचा!" मग ती पापांकडे वळली, आवाज न उतरवता. "लागत नाही तर विचार की, मेल्या. एवढी तोंडं बसलीयेत इथे, ती काय जांभया द्यायला? द्या रे सगळ्यांना एकेक, आणि सांगा त्याला."

आणि मग जे सुरू झालं! "धूर आहे, डॉन, पण मवाळ." "मवाळ कसला, चांगला दणकट आहे." "तुला कालपासून दणकटच लागतंय सगळं, तू पुल्के पिऊन आलायस." "मातीचा वास आहे, पण चांगल्या मातीचा, विहिरीच्या आतल्या भिंतीचा." "तू कधी चाटलीस विहिरीची भिंत?" "गोड आहे, शेवटी गोड." "गोड पानाचं आहे ते, मांसाचं नाही." पापा घोळक्यात मधोमध उभे, डोळे मिटलेले, चावतायत, सावकाश, आणि मध्येच विचारतायत, "पान कडवट झालंय का?" आणि चारपाच जण एकदम, "नाही! हिरवं झालंय!" "हिरवं म्हणजे?" "हिरवं म्हणजे हिरवं, आता काय चित्र काढून देऊ?" आणि पापा हसले, पार खांदे हलेपर्यंत, थंडीपासून असे हसले नव्हते, आणि म्हणाले, "ही माझी पोरगी सगळा रस्ता मला भरवत आलीये. तिला वाटलं मला कळत नाही."

"तुम्हाला कळलं होतं?"

"तोलुकापासून. घास तोंडात असताना तू कधी बोललीयस आयुष्यात?"

एवढे दिवस ज्या तोंडातून शब्द नुसते सांडत होते त्या तोंडावर नोएमीनं हात ठेवला.

"मंगळवारी गाडी लावू," पापा म्हणाले, जसं काही मध्ये बाकी काहीच झालं नव्हतं. "दुकानात जायच्या आधी साल्सा तू चाखायचीस. गिऱ्हाईकांनाही विचारीन, लाज कसली. सुरी आणि तवा माझा."

"आणि तो कव्हरवाला?"

"बघेल दुसरा कोपरा."

मग त्यांनी एक टॉर्टिया घेतली, तळहातावर जराशी झुलवली, तिचा मऊपणा बोटांनी बघितला. खांद्याकडचं मांस सोडवलं, थोडंसं पाठीकडचं, चरबीची एक बारीक पट्टी, कांदा, कोथिंबीर, लिंबाचे नेमके तेवढेच थेंब, आणि ते सगळं असं गुंडाळलं की नोएमीला वाटलं हे हात आंधळे झाले, बहिरे झाले तरी हेच करतील. "घे," ते म्हणाले. "आता तुझा तू खा." तिनं तो तीन बोटांत धरला. वाकली. आणि घास घेतल्यावर तिला कळलं की हा तिचा पहिलाच आहे, सगळ्या रस्त्यातला. बाकीचे सगळे तोंडात पडायच्या आधीच ती त्यांचे शब्द करून टाकत होती. हा मात्र आत गेला, खोल, आणि तिथे बराच वेळ राहिला. "काय गं, कसा आहे?" एवोदियोकाकांनी विचारलं. "बोल की!" दोन्या सिरिलानं काठीनं ढोसलं. सगळे तिच्याकडे बघत होते, पापासुद्धा, मान एका बाजूला. नोएमी चावत राहिली, आणि तिनं कुणालाच सांगितलं नाही.